‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर आपल्या तोंडी कुणी घातले? ताम्रपट, बलुते आणि ऑफर लेटर

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. या सहा तालुक्यांतून आपली मुले-मुली शिकून पुण्याला, नागपूरला, औरंगाबादला, मुंबईला नोकरीसाठी जातात. मुलाखत चांगली होते, निवड होते आणि मग एचआरचा फोन येतो, ‘तुमची पगाराची अपेक्षा किती?’ आपला पोरगा क्षणभर गप्प बसतो आणि म्हणतो, ‘सर, तुम्ही द्याल ते.’ त्याच दिवशी, त्याच कामासाठी निवडलेला दुसरा मुलगा ‘मला इतके हवेत आणि रुजू व्हायला एक महिना हवा’ असे सांगून मोकळा होतो. त्याच्या घरात कुणीतरी काका, मामा, आत्येभाऊ अशा कंपनीत बसलेला असतो. कोणता आकडा सांगायचा हे त्याला जेवता जेवता कळलेले असते.

हा विषय आम्ही मांडला की समाजातून दोन उत्तरे येतात. वडीलधारी माणसे म्हणतात, ‘नोकरी मिळाली हेच खूप, जास्त बोलायला गेलास तर हातची जाईल.’ काही कार्यकर्ते म्हणतात, पगाराची घासाघीस हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? आम्हाला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. कामाचा मोबदला, कामाच्या अटी आणि त्या नाकारण्याचा अधिकार हा आपल्या चळवळीच्या कडेचा विषय नव्हता, मधोमध होता. कसा, ते पाहण्यासाठी वाशीमपासूनच सुरुवात करू.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. 1939 मध्ये इथलाच एक ताम्रपट उजेडात आला. तो चौथ्या शतकातल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा, त्याच्या कारकिर्दीच्या 37 व्या वर्षी दिलेला. नांदेडकडचे एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले, त्याची ही सनद. शाळेत आपल्याला याचा एवढाच भाग सांगतात, राजा दानशूर होता म्हणून. पण ताम्रपटात दानासोबत सवलतींची भलीमोठी यादी असते, ती कुणी वाचून दाखवत नाही. वाकाटकांच्या दानपत्रांत या सवलती पुन्हा पुन्हा येतात. त्या गावात राजाच्या शिपायांनी शिरायचे नाही. गाईबैल मागायचे नाहीत. फिरतीवर आलेल्या अधिकाऱ्यांसाठी बसायला कातडी आणि शेगडीला कोळसा पुरवण्याची सक्ती करायची नाही. जमिनीत धन सापडले तर ते दान घेणाऱ्याचे. काही ताम्रपटांत तर सर्व प्रकारच्या वेठीतून मुक्ती असे सरळ लिहिलेले आहे.

आजच्या भाषेत हे काय आहे? हे ऑफर लेटर आहे! मूळ वेतन म्हणजे गाव आणि खाली पानभर भत्ते व सवलती. अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट याहून बोलका आहे. दुसऱ्या प्रवरसेनाने एक हजार ब्राह्मणांना गाव दिले, पण अटी घालून. राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्या गावांशी लढायचे नाही, तोवर हे गाव तुमचे. अट मोडली तर राजाने ते काढून घेतले तरी ती चोरी ठरणार नाही. दोन्ही बाजूंनी काय द्यायचे, काय घ्यायचे, करार कधी मोडतो, सगळे तांब्यावर कोरून ठेवलेले. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच वऱ्हाडात एका वर्गाला कळत होते की मोबदल्याची बोली लेखी असली पाहिजे आणि सवलती एकेक करून मोजून घेतल्या पाहिजेत.

आता उलट बाजूने बघा. एका गावाला वेठीतून मुक्ती दिली म्हणून वेठ संपली का? कातडी, कोळसा, बैल, ओझी वाहायला माणूस, हे कुणीतरी पुरवतच होते. त्यांच्या नावाचा ताम्रपट नाही. पुढच्या काळात महाराष्ट्रभर हे काम कुणाकडे दिसते? महाराकडे. गावाची सीमा सांगणे, सांगावा घेऊन पळणे, सरकारी माणसाचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे, त्याच्या मुक्कामाला सरपण पुरवणे, गस्त घालणे, मेलेले जनावर ओढणे. मोबदला काय, तर खळ्यावरचे बलुते. धान्य मळून झाले की शेतकरी देईल तेवढे पदरात घ्यायचे. देणाऱ्याची मर्जी हाच दर.

आपल्यातले काही जण इथे बावन्न हक्कांचा दाखला देतात. अमृतनाकाने बेदरच्या बादशहाकडून महारांसाठी बावन्न हक्क मिळवले, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा अभिमान बाळगायला आमची ना नाही. आपल्या पूर्वजांनाही सनदेचे मोल कळत होते, एवढे तिच्यातून नक्की दिसते. पण त्या ‘हक्कां’त मेलेल्या जनावराचे कातडेही येते, हे विसरू नका. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याला हक्क म्हणायचे की सक्ती? मजुरी आणि गुलामी यांतला फरक रकमेचा नसतो. गुलामालाही खायला मिळतेच. फरक असतो तो काम नाकारता येते की नाही याचा.

बाबासाहेबांनी नेमके इथे बोट ठेवले. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. महार वतन बिल म्हणून आपण ते ओळखतो. वाशीम तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेले होते. 1905 मध्ये तर वाशीम जिल्हाच मोडून अकोल्यात घातला, तो परत मिळायला 1998 चा जुलै उजाडावा लागला. त्यामुळे मुंबईचा वतन कायदा इथे लागू नव्हता. पण खळ्यावरचे बलुते आणि हाकेला ओ देणारा गावकामगार इथेही होताच.

त्या बिलाकडे आम्ही वाटाघाटीचा मसुदा म्हणून पाहतो. त्यात मागणी काय होती? ज्या वतनदाराला ही चाकरी नको असेल त्याला ती सोडता यावी आणि जमीन पूर्ण सारा भरून त्याच्याकडेच राहावी. चाकरीत राहणाऱ्यांच्या मोबदल्याची नीट तरतूद व्हावी. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे आणि ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी, म्हणजे महाराला दारोदार हात पसरावा लागणार नाही. महाराने कोणती कामे करायची हे कायद्यात स्पष्ट लिहिले जावे. राजीनाम्याचा अधिकार, पुरेसा पगार, रोखीने व नियमित पगार, कामाचे लेखी स्वरूप! आज कोणतेही ऑफर लेटर हातात आले की तपासायच्या गोष्टी याच आहेत.

बाबासाहेबांनी कौन्सिलात हेही दाखवून दिले की वतनात माणूस एक नेमलेला असतो आणि राबते सगळे घर. नेमलेला महार गावात नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला धरून नेत. चोवीस तास हाकेला हजर राहायचे आणि कामाला हद्दच नाही. शिवाय बलुते गावकऱ्यांच्या हातात, त्यामुळे महारांनी जरा मान वर केली की बलुते बंद. म्हणजे पगाराची दोरी छळणाऱ्याच्याच हातात. बिल निवड समितीकडे गेले, तिथे त्याचा जीव काढून घेतला गेला आणि जुलै 1929 मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. नाव तेच ठेवून पोकळ कायदा पदरात घ्यायला ते तयार नव्हते. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल लागले, तेव्हा बाबासाहेब आपल्यात नव्हते.

त्यांच्या स्वतःच्या नोकऱ्यांकडेही याच नजरेने पाहायला हवे. 4 जून 1913 रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. आजच्या कंपन्यांचा दोन वर्षांचा बॉण्ड पाहून आपण घाबरतो, हा दहा वर्षांचा होता. बावीस वर्षांचा, नुकताच बाप गमावलेला तरुण होता, दुसरा मार्ग नव्हता आणि सयाजीरावांनी दिलेली संधी मोठी होती. सही करणे बरोबरच होते. पण 1917 मध्ये ते बडोद्याला रुजू झाले तेव्हा उघड झाले की नोकरी आहे, हुद्दा आहे, राहायला छप्पर नाही. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागली.

सवर्ण उमेदवारासाठी घरभाडे भत्ता म्हणजे पगारातली एक ओळ असते. आपल्यासाठी ती नोकरी टिकणार की नाही हे ठरवणारी गोष्ट होती. आजही आहे. पुण्यातल्या घरमालकाला आडनाव सांगितल्यावर खोली ‘आत्ताच गेली’ असे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कंपनी पहिले काही आठवडे राहण्याची सोय करते का, हा प्रश्न आपल्या मुलांनी पगाराच्या आकड्याइतकाच ठामपणे विचारावा, असे आमचे मत यामुळेच आहे.

नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये, नोकरी तात्पुरती. त्या काळी 450 रुपये ही मोठी रक्कम. तिथेही प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये असा काहींचा आक्षेप होताच. पण या वेळी नोकरी त्यांनी आपल्या अटीवर वापरली. परळच्या चाळीतच राहिले, पैसा साठवला आणि मार्च 1920 मध्ये राजीनामा देऊन अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. 450 रुपयांची नोकरी सोडणारा माणूस लोकांना वेडा वाटला असेल. नोकरी कशासाठी करायची आहे हे त्यांचे आधीच ठरलेले होते.

पण एकट्याच्या हुशारीने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हेही बाबासाहेबांनीच दाखवले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला आणि त्याच खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांपुढे ठेवला. गिरणीमालकांचे म्हणणे पडले की मागणी न्याय्य आहे, पण हा दोष आमचा नाही. आता सांगा, ज्या खात्यात पाय ठेवायला बंदी, तिथल्या पगाराची वाटाघाट कोण करणार? 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी असेच दुसरे उदाहरण दिले. अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन राहतो, त्याला हमालाचे कामदेखील मिळत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे त्याचा विटाळ. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे ते याच परिषदेत म्हणाले. ते वाक्य आपण भिंतींवर लिहितो, त्यामागचा हमालाचा हिशेब मात्र विसरतो.

त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह बिल आणले. बाबासाहेबांनी विधानसभेत मांडलेला युक्तिवाद पाठ करून ठेवण्यासारखा आहे. संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग, त्यापलीकडे काही नाही. तो गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे आणि त्याचेच नाव गुलामी. म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव. 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. 1928 चे वतन बिल आणि 1938 चा संप यांत एकच धागा आहे. ‘नाही’ म्हणता आले पाहिजे.

1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्याबद्दल आपल्या सभांत खूप बोलले जाते आणि थोडे सैलपणेही बोलले जाते. कामाचे तास त्यांनी चौदावरून आठ केले असे सरसकट सांगितले जाते. 1934 च्या कायद्यात कारखान्यांसाठी आठवड्याची मर्यादा 54 तासांची होती, ती 1946 च्या दुरुस्तीने 48 झाली, हे खरे आणि तेवढेच पुरेसे मोठे काम आहे. पगारी सुट्टीची तरतूद 1945 ची. किमान वेतनाचे बिल त्यांनी एप्रिल 1946 मध्ये मांडले, ते 1948 मध्ये कायदा झाले. खाणीत उतरणाऱ्या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी, हे तत्त्व त्यांनी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठासून मांडले. मालक, मजूर आणि सरकार यांना एका टेबलाभोवती बसवून बोलणी करण्याची पद्धत त्यांनी बळकट केली. ज्या माणसाच्या समाजाला खळ्याच्या कडेला उभे राहून बलुते घ्यावे लागे, तो आता टेबलाच्या मध्ये बसून देशाच्या मजुरीची बोलणी चालवत होता.

मग तीन-चार पिढ्यांत आपण वाटाघाट का शिकलो नाही? आमच्या मते याचे एक कारण आपल्या यशातच आहे. आपली पहिली शिकलेली पिढी सरकारी नोकरीत गेली. शिक्षक, तलाठी, पोस्ट, रेल्वे, बँक. तिथे पगार आयोग ठरवतो, महागाई भत्ता आपोआप वाढतो, भांडायचे ते संघटना भांडते. घरात वेतनश्रेणीची चर्चा होई, वाटाघाटीची नाही. आता त्या जागा आटल्या. 2023 च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतातून भरतीचा निर्णय काढला, तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. पण कंत्राटाचा रोख बदललेला नाही. कंत्राटात ना आरक्षण, ना वेतन आयोग.

खरे सांगायचे तर वाटाघाट आपल्या जिल्ह्यात शिकायला कॉलेजात जायची गरज नाही. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते, तिथे जाऊन बसा. वर्षाची रोख रक्कम, जी आज लाखाच्या घरात गेली आहे, त्यावर ज्वारी-गहू किती, कपडे, चप्पल, आजारपणात काय, एकेक बाब निरक्षर माणूस बोटावर मोजून घेतो. पण त्याच बोलीत फासही असतो. उचल घेतली की ती फिटेपर्यंत मालक सोडता येत नाही आणि बोली नवऱ्याची असली तरी गोठ्याची झाडलोट अनेकदा बायकोच्या गळ्यात पडते, तिचा मोबदला शून्य. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. उचल आणि एकाच्या मजुरीत घर राबवणे बंद झाले का? बाबासाहेबांनी 1928 मध्ये वतनाबद्दल जे सांगितले तेच हे.

शहरातल्या ऑफिसात फास वेगळ्या कागदावर असतो. तिथे पहिली अडचण दारातच. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावाला मुलाखतीचे बोलावणे कमी आले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांना भेटून लिहिले की ‘गुणवत्ता’ म्हणणारे हे लोक उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी हमखास विचारतात. म्हणजे ‘वडील काय करतात?’ हा गप्पांचा प्रश्न नसतो. तुम्ही किती कमी पगारावर तयार व्हाल, याचाही अंदाज त्यातून घेता येतो. उत्तर एका वाक्यात द्या आणि बोलणे कामावर आणा.

अपेक्षा विचारली की आधी उलट विचारा, ‘या जागेसाठी कंपनीने किती ते किती ठरवले आहे?’ यात उद्धटपणा नाही. सीटीसीच्या आकड्याला भुलू नका. त्यात मालकाने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, कधीतरी मिळेल तो बोनस, सगळे कोंबलेले असते. मूळ वेतन किती आणि महिन्याला हातात किती, हे लेखी मागा. मूळ वेतन कमी दाखवले की त्यावरचा 12 टक्के पीएफही कमी होतो. बॉण्ड असेल तर रक्कम आणि मुदत वाचा. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कागदावर मोठा दंड लिहिला म्हणून तो सगळा आपोआप वसूल होत नाही, न्यायालय वाजवी भरपाईच देते. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्याकडे जाऊच नका. 14 एप्रिल, 6 डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन सुट्ट्यांच्या यादीत आहेत का, हेही रुजू होण्याआधी विचारा. एक दिवस विचार करायला मागितला म्हणून भली कंपनी ऑफर काढून घेत नाही.

राहिला जेवणाच्या ताटावर आकडा सांगणारा काका. तो आपल्याला उभा करावा लागेल. वाशीमसारख्या गावात विहारात, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके असतात, तिथेच एक फाइल ठेवता येईल. बाहेर नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने आपले ऑफर लेटर नाव आणि कंपनी झाकून तिच्यात लावायचे. पद, शहर, वर्ष, मूळ वेतन, हातात येणारी रक्कम, बॉण्ड, आधी किती देऊ केले होते आणि मागितल्यावर किती मिळाले. मुलींची पत्रे आवर्जून लावायची, कारण त्याच पदाला त्यांना किती कमी देऊ केले जाते हे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. पाच-पन्नास पत्रे जमली की मंगरूळपीरच्या मुलीला पुण्यातला दर फोन उचलण्याआधी ठाऊक असेल.